तपेलीची कल्हई

भांडीसुद्धा माणसांशी बोलत, त्या काळातली गोष्ट. दाजीबा सोनाराची तेजाबाची बाटली तडकली. आता तेजाब ठेवायचं कशात?

"माझ्यात ओता!" तांब्याची तपेली पुढं सरसावली. "कालच कल्हई झालीय माझी. चिंचेचं सार रोज पचवते मी!"

कोपऱ्यातली चिनी मातीची बरणी म्हणाली, "बाई गं, चिंच वेगळी, तेजाब वेगळं. तुझी कल्हई त्याच्यापुढं टिकायची नाही."

"तू लोणच्याची! तुला काय कळतंय?"

दाजीबानं तपेलीतच ओतलं. लगेच फसफसून तांबूस धूर उठला. कल्हई तर गेलीच, बूडही कागदासारखं पातळ झालं. त्यानं घाईघाईनं तेजाब बरणीत रिकामं केलं. बरणी ढिम्म!

खूश होऊन दाजीबा तेजाब तापवायला बरणीच चुलीवर ठेवू लागला.

"दाजीबा, चुलीवर नको!" बरणी ठणकावून म्हणाली. "तेजाब जन्मभर सांभाळीन, पण जाळ लागला की मी तडकेन."

तपेली खदखदून हसली. "म्हणजे तूही कच्चीच की!"

"असेन. पण मला 'नको' म्हणता येतं," बरणी म्हणाली. "तुला ते मघाशी म्हणता आलं असतं, तर आत्ता तुझ्यात सार उकळत असतं."