परळातलं पाणी

“मग माझं पाखरू गेलं कुठं?” दादंभटानं विचारलं.

रहमूशा फकीर कफनीला शेवटचे टाके घालत बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

“पहाऱ्यावर तू होतास. मला काय विचारतोस?”

ही गोष्ट मारवाडच्या वाळूतली. दादंभट दक्षिणेतला, चार शास्त्रं पढलेला. घरदार सोडून एवढ्या लांब आला आणि फकिराला म्हणाला, मला पार बदलून टाका, कफनी द्या. फकीर म्हणाला, थंडी सरू दे. मग एक तर कफनी देईन, नाहीतर घरची वाट दाखवीन. तोवर पाखरांवर नजर ठेव.

फकिराच्या झोपडीसमोर खेजडीचं झाड होतं, त्याला मातीचं परळ टांगलेलं. विहीर कोसभर लांब. पण तिथली रीतच तशी, घागर आली की पहिलं पाणी परळात, पाखरांना. मग माणसांच्या तोंडात. सगळी थंडी दादंभटानं ते परळ भरलं. आणि आता फाल्गुनाचं ऊन पडलं होतं.

“तुझ्या पाखराचं राहू दे,” फकीर म्हणाला. “बाकी काय बदललं ते सांग.”

“कुरजा गेल्या, बाबा. त्या लांब मानेच्या. परवा खाऱ्या तळ्यावरून उठल्या, तीन घिरट्या घेतल्या नि उत्तरेला लागल्या. भोरड्या आल्या, नुसता कलकलाट. आणि त्या शेपटी हलवणाऱ्या परटिणीच्या गळ्याला काळं चढलंय.”

“वा, भटजी. डोळे आहेत तुला.”

दादंभट फुलला. शिकलेल्या माणसाला जरा लवकरच चढतं, बघा.

“पण ते माझं... अंगठ्याएवढं, मातकट. डाव्या पायाचं एक बोट तुटलेलं. पौषात गारठून पडलं होतं. मीच ओंजळीत धरून ऊब दिली. रोज पाण्यावर यायचं. आठ दिवस झाले, पत्ता नाही.”

“मग परळावर कोण येतं?”

“एक एवढासा काळा चोर! अंगावर निळी-जांभळी झाक, ऐट तर सुभेदाराची. त्यानंच माझ्या गरिबाला हुसकलं असणार. पण मीही कच्चा नाही. खडे मारतो. परळाजवळ फिरकू देत नाही त्याला. माझं येईल तेव्हा पाणी नको का शिल्लक?”

फकिराची सुई थांबली.

“लागला कधी खडा?”

“एकदा... पंखाला.”

फकिरानं सुई कापडात खोचून ठेवली.

“आज मारू नकोस. इथं बैस.”

बसले दोघं. काळा आला. शेंड्यावरून खाली डोकावला, एक फांदी उतरला, थांबला... मग परळाच्या काठावर बसला.

दादंभटानं मुठीत खडा घेतला. फकिरानं मनगट धरलं.

“पाय बघ त्याचा.”

डाव्या पायाला एक बोट नव्हतं. पंखाखाली दोन पिसं अजून मातकट होती.

दादंभटाच्या मुठीतून खडा गळला.

“हाच...? मग मी आठ दिवस कुणासाठी कुणाला...”

“थंडी सरली की रंग चढतो त्याला. पुढच्या थंडीत उतरेल.”

“म्हणजे तो बदलला, की तोच आहे?”

“पाणी पिऊ दे त्याला.”

काळा प्याला आणि उडाला. उन्हात बसून दादंभटाला तहान लागली होती.

“बाबा, मला काही कळेना. माझं काय ठरलं तेवढं सांगा. कफनी का घरची वाट?”

फकिरानं दातानं दोरा तोडला, कफनी झटकली आणि त्याच्या गळ्यात घातली.

दादंभटाला रडूच फुटलं. कफनीला कोऱ्या कापडाचा वास होता, खांद्यात जरा सैल होत होती. डोळे पुसत तो घागरीपाशी गेला आणि वाकून ओंजळ धरली.

टप्पकन पायाशी खडा पडला.

तो दचकून वळला. फकिराच्या हातात दुसरा खडा तयार होता.

“बाबा, अहो मी आहे! दादंभट!”

“हट! लांब हो... ते पाणी आमच्या भटजीचं आहे. येईल तो एवढ्यात.”