धुरपदेला सांगितल्याशिवाय खांबावर चढू नये

फार वर्षांपूर्वी, आपल्या बोरदऱ्याच्या तालमीतला मल्लखांब नवा होता आणि माणसं हट्टी होती, तेव्हाची ही गोष्ट. हट्टी आजही आहेत, ते सोडा.

तालमीशेजारी धुरपदा नावाची हाडवैदीण राहायची. खांबावरून पडून कुणाचा खांदा निखळला, घोटा मुरगळला, पाठीत उसण भरली, की पोरं तिच्या ओट्यावर. ती नुसता अंगठा फिरवायची आणि हाड आपणहून जागेवर जाऊन बसायचं. तिच्या बोटांना हाडांचं बोलणं ऐकू यायचं, असं म्हणतात.

तिचा एकुलता एक पोर केरबा. खांबावर सरसर चढायचा, वाऱ्यासारखा फिरायचा. धुरपदेला त्याचा कोण अभिमान! ओट्यावर कण्हणाऱ्या पोरांना ती चारचौघांत म्हणायची, "रडतुयास काय? आमच्या केरबाला बघ. त्याला कधी काय दुखतच न्हाई."

आता जिनं असं गावभर सांगितलंय, तिच्याच पोरानं तोंड उघडायचं कसं? जत्रा तोंडावर आली आणि केरबाचं मनगट सुजलं. त्यानं वर फडकं गुंडाळलं आणि नवसाचं आहे, जत्रेपर्यंत सोडायचं नाही, असं सांगितलं.

"बरा हाईस न्हवं?" धुरपदेनं विचारलं.

"मला काय धाड भरलीया, आये?"

ती हसली आणि भाकरी थापायला बसली.

जत्रेच्या दिवशी केरबा खांबाच्या टोकावर उलटा, एका हातावर उभा राहिला. गाव टाळ्या पिटत होतं. मनगटानं दगा दिला. तो मानेवर पडला, तो पुन्हा उठलाच नाही.

धुरपदा धावली. तिनं त्याच्या मानेला हात लावला, आणि जन्मात पहिल्यांदा तिच्या बोटांना काहीच ऐकू आलं नाही. मग तिनं ते फडकं सोडलं. मनगट टम्म सुजलेलं. "मला का न्हाई सांगितलंस रं?" ती ओरडली. का ते तिला पक्कं ठाऊक होतं.

त्यानंतर तिनं एकही हाड बसवलं नाही. रोज तालमीत यायची, आधी रिकाम्या खांबाला विचारायची, "केरबा, कुठं दुखतंय रं?" वाट बघायची. मग एकेका पोराला तेच विचारायची. जो सांगेल त्याचं दुखणं तिच्या अंगात उतरायचं, असं म्हणतात. कुणाचा घोटा घेऊन ती लंगडत घरी जायची, कुणाची कंबर घेऊन वाकून. पोरं टुणटुणीत व्हायची आणि ती झिजायची. लोकांनी परोपरीनं समजावलं, पण ती ऐकेना. साऱ्या तालमीची दुखणी तिला मिळाली, हवं होतं ते एक मनगट तेवढं मिळालं नाही. अंगात दुखायला जागा उरली नाही, तेव्हा ती गेली.

बोरदऱ्यात अजूनही धुरपदेच्या नावानं प्रत्येक पोर आधी आपलं दुखणं सांगतं आणि मगच खांबाला हात लावतं. "काय न्हाई" म्हणणाऱ्याला वस्ताद त्या दिवशी घरी धाडतो. पहिला प्रश्न मात्र पोरांना नसतो. वस्ताद खांबाकडे तोंड करून विचारतो, "केरबा, कुठं दुखतंय रं?" सगळी तालीम गप्प उभी राहते. उत्तर येत नाही. मग तो पोरांकडे वळतो.