सावळोशीची न जुळलेली कमान

ही कमान पडलेली नाही, एवढं आधी सांगून ठेवतो. येणारा प्रत्येक पाहुणा इथं वेशीत थांबतो, वर बघतो आणि म्हणतो, "अरेरे, पडली वाटतं." डावीकडचा हात बघा, उजवीकडचा बघा. दोन्ही शाबूत आहेत. चिऱ्याला चिरा असा बसवलाय की मधे सुई जायची नाही. फक्त वर मधोमध, जिथं दोन्ही हात एकमेकांना भेटायचे, तिथला एक दगड नाही. तो दगड हा इथं खाली आहे, या पाण्याच्या रांजणाखाली. आमच्या वाडवडिलांनी तो तीन वेळा वर बसवला आणि तिन्ही वेळा तो खाली उतरला, असं सांगतात. चौथ्यांदा कोणी हात लावला नाही.

आत्याबाई, मघाशी गाडीतून उतरल्या उतरल्या तुम्ही मला विचारलंत, "आजोबा, तुम्ही इथलेच का?" मी उत्तर दिलं नाही. म्हातारा शिष्ट आहे असं वाटलं असेल. तसं नाही. त्या प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे असं येता-जाता देत नाहीत, आणि मी कुणाला "तुमचं गाव कोणतं" असंही विचारलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं का? दुसऱ्या कुठल्याही गावात पाऊल टाका, पाणी मिळायच्या आधी गाव विचारतील. सावळोशीत विचारत नाहीत. इथं आधी पाणी, आणि गाव विचारायचं नाही ते नाहीच. लग्नाची सोयरीक जुळवायला माणसं आली तरी मुलीचा बाप आडून आडून चौकशी करतो. लोक हसतात आम्हाला. हसू देत.

आता तुमच्या पुतण्याच्या हातातल्या त्या वहीबद्दल. सगळ्या सावळोशीकरांचा कुलवृत्तांत काढताय, चांगलं काम आहे. यादीची नक्कल तुम्ही आधी टपालानं पाठवलीत, ती मी वाचली. बेळगावकडचे डोळ्यांचे डॉक्टर सावळोशीकर, कुस्तीत गदा मिळवलेले सावळोशीकर, गाणाऱ्या बाई, न्यायाधीश. शिवाय घाटातली सावळोशीकर विहीर, सावळोशीकरांची धर्मशाळा, कुठल्या कुठल्या शहरातल्या दोन गल्ल्या. एवढं सगळं आमच्या गावाच्या नावानं आहे म्हटल्यावर माझी छाती फुगायला हवी होती. पण ती यादी वाचताना मला मान वर करवेना. तुमच्या त्या यादीत पहिलं नावच नाही. आणि तुम्हाला पडलेलं कोडंही त्याच नावाशी सुटतं. सात घराण्यांची कुलदैवतं वेगवेगळी कशी, कोणाचा खंडोबा तर कोणाची यल्लम्मा, आणि एका घराण्यात तर नमाज कसा, असं तुम्ही लिहिलंय ना? बसा या कट्ट्यावर. पाणी घ्यायची घाई करू नका, ते मी देईन.

फार वर्षांपूर्वी या गावात सुभाना नावाचा पाथरवट होता म्हणे. बाप लहानपणीच गेलेला, घरी एकटी आई, कोंडाई. जात्याला टाकी लावण्यापासून त्यानं सुरुवात केली आणि पुढं विहिरी, घाट, देवळं बांधू लागला. ही कमानही त्याचीच. गावानं सांगितलेलं नव्हतं. सुगीनंतरचे रिकामे दिवस मिळाले तेव्हा आपण होऊन बांधली. बाहेर काम केलं की शेवटच्या दगडावर तो आपलं नाव कधी कोरत नसे. "सावळोशीकर" एवढंच कोरायचा. त्याच्या आधी हे आडनाव कुणी लावलेलं नव्हतं. गावातल्या गावात कोण कशाला लावील?

इथून पंचवीस कोसांवर, नदीपलीकडे रेवणसर म्हणून गाव आहे. तिथल्या सरदारानं ओढ्यावर बंधारा घालायला सुभानाला बोलावलं. त्याच्या हाताखाली सात गडी होते, मिळेल तिथून आलेले. कोणी बेलदार, कोणी वडार, कोणी कर्नाटकातला, एक लतीफ नावाचा चुनेवाला. भिंत उभी राहिली. सुभाना म्हणाला, एक पावसाळा पाणी अडवू नका, चुना मुरू द्या. सरदाराला धीर नव्हता. मुलाच्या लग्नाला येणाऱ्या पाहुण्यांना भरलेलं तळं दाखवायचं होतं. त्यानं बंधाऱ्याची दारं बंद करवली. श्रावणात भिंत फुटली आणि खालची वस्ती वाहून गेली. अकरा माणसं गेली असं सांगतात. दोष अर्थातच पाथरवटाचा ठरला.

पाच महिने त्याला ठाण्यात बसवून ठेवलं. त्या काळचा रिवाज असा की अशा माणसाला त्याच्या गावासमोर उभं करायचं. गावानं देवाचा बेलभंडार उचलून, शपथेवर "हा आमचा, याचं काम इमानी आहे" असं म्हटलं, तर माणूस सुटायचा. मात्र मग फुटलेलं काम गावाच्या माथी. शंभर माणसं बैलांसकट वेठीला जायची, बंधारा पुरा होईपर्यंत. गाव "नाही" म्हणालं, तर माणूस बेवारशी. त्याचं काय करायचं ते सरदार ठरवणार. सुभाना निर्धास्त होता म्हणे. "सावळोशीला न्या. माझं गाव मला सोडायचं न्हाई," असं तो स्वारांना सांगत होता.

माघाचा महिना होता. दोन वर्षं कोरडी गेल्यानंतर त्या साली शाळू असा आला होता की उभ्या पिकात माणूस दिसत नव्हता. कापणी तोंडावर आलेली. सुभानाला घेऊन उद्या येतोय, असा निरोप एक स्वार आदल्या दिवशी दुपारी देऊन गेला. चावडीवर सगळे जमले. शंभर माणसं आणि बैल गेले तर पीक रानातच वाळणार, पाखरं खाणार, आणि पोरं तिसऱ्या वर्षी उपाशी. हे खोटं नव्हतं. मी त्यांची बाजू मांडतोय असं समजू नका, पण ते काही राक्षस नव्हते. घाबरलेली साधी माणसं होती. बाळोजी पाटलानं विचारलं, कोणाला बोलायचंय? कोणीच बोललं नाही, आणि न बोलण्यानंच ठरून गेलं.

मग बाळोजी कोंडाईच्या घरी गेला. ती पाटा टाकत होती म्हणे, म्हणजे मुलाची जुनी टाकी घेऊन स्वतःच पाट्याला टवके मारत होती. बाळोजी म्हणाला, "म्हातारे, एका जिवापायी समदं गाव उठवायचं का? उद्या तू वेशीत येऊ नगंस. आलीस तर वळख देऊ नगंस." तिनं वर पाहिलं नाही. टाकीचा आवाज तेवढा चालू राहिला. तिनं होकार दिला असं बाळोजीनं धरलं. सोयीचं होतं ना.

दुसऱ्या दिवशी इथं, तुम्ही बसला आहात तिथं, सरदाराचा कारकून घोड्यावरून उतरला. सुभानाचे हात दोरीनं बांधलेले होते. त्यानं कमानीकडे पाहिलं, मग माणसांकडे. ओळखीचे सगळे चेहरे बघून तो हसला म्हणे. हे हसण्याचं कोणी तरी पुढं सांगितलं, पिढ्यान् पिढ्या सांगत आलं, आणि गोष्टीतला हाच भाग आमच्या बायका आपल्या पोरांना सांगताना गाळतात.

कारकुनानं विचारलं, "हा तुमच्या गावचा का?"

बाळोजीनं भैरोबाचा बेलभंडार उचलला. "न्हाई. ह्याला आम्ही वळखत न्हाई."

सगळ्या माना खाली. ज्याच्या घरची विहीर सुभानानं बांधली तो, ज्याच्या लग्नात त्यानं दिवटी धरली तो, झाडून सगळे जमिनीकडे बघत उभे.

तेवढ्यात गर्दीतून कोंडाई पुढं आली. हातात पाण्यानं भरलेला तांब्या. बाळोजीचं तोंड पांढरं पडलं. कारकून म्हणाला, "म्हातारे, तू सांग. ओळखतेस याला?" तिनं कारकुनाकडे पाहिलंही नाही. तांब्या सुभानापुढं धरला आणि म्हणाली,

"पानी घे, पाव्हण्या. कंच्या गावचा तू?"

तिनं असं का विचारलं, यावर आमच्यात दोन मतं आहेत. काही म्हणतात, ती गावाला घाबरली. माझी आजी म्हणायची, तसं नाही. तिला खोटंही बोलायचं नव्हतं आणि गावाचा घातही करायचा नव्हता, म्हणून तिनं उत्तर त्याच्या हाती दिलं. त्यानं "सावळोशी" म्हटलं असतं तर ती तिथंच "माझा ल्योक" म्हणून ओरडली असती. मला कुठलं खरं ते ठाऊक नाही. दोन्ही बाजूंनी आमचीच लाज निघते.

सुभाना पाणी प्याला. सावकाश, सगळा तांब्या. मग त्यानं माणसांच्या डोक्यांवरून पलीकडे उभ्या शाळूकडे पाहिलं, आणि त्याला सगळं समजलं. तांब्या परत देताना तो म्हणाला, "मावशे, मला गाव न्हाई."

सख्ख्या आईला मावशी म्हणाला तो. आमच्यासाठी.

स्वार त्याला घेऊन गेले. शेवटचा घोडा कमानीखालून बाहेर पडला आणि मधला दगड आपण होऊन खाली आला म्हणे, कोणाच्या अंगावर नाही, कोंडाईच्या पायांपुढं. ती त्यावर बसली आणि तिथून उठली नाही. बायका भाकरी आणून ठेवत, ती तशीच राहायची. तिसऱ्या दिवशी तिनं प्राण सोडला. शाळू अमाप झाला, कणगी भरून वर उरला. पण त्या साली सावळोशीत भाकरीचा घास कोणाच्या घशाखाली धड उतरला नाही, असं सांगतात.

तिकडे रेवणसरला सरदारानं हुकूम केला की बेवारशी माणसानं एकट्यानं भगदाड बुजवावं. पहिल्या दिवशी सुभाना एकटाच दगड वाहत होता. चौथ्या दिवशी ते सात गडी परत आले. त्यांना सोडून दिलेलं होतं, कोणी बोलावलं नव्हतं. दोन वर्षं त्यांनी भिंत बांधली, चुना मुरू दिला. तिसऱ्या पावसाळ्यात पाणी चढलं आणि एका सांध्यातून पाझर सुटला. सुभाना आत उतरला, त्यानं सांधा आतून बसवला, आणि तो वर आला नाही. भिंत मात्र राहिली. अजून आहे. सावळोशीकराचा बंधारा म्हणतात तिला, तुमच्या वहीत ती बाराव्या पानावर आहे.

काम संपल्यावर कारकुनानं त्या सातही जणांची नावं लिहून घेतली. पहिला लतीफ होता. "आडनाव?" कारकुनानं विचारलं. लतीफ म्हणाला, "सावळोशीकर." कारकून चिडला. "त्या गावानं तर त्याला नाकारलं. आणि तू तिथं कधी गेलायस तरी का?" लतीफ म्हणाला, "न्हाई गेलो. पर त्याला गाव न्हवतं ना, म्हनून आम्ही झालो त्याचं गाव." मग दुसऱ्यानं तेच नाव सांगितलं, तिसऱ्यानं सांगितलं. सातही जणांनी.

आत्याबाई, तुम्ही त्या सातांपैकी कुणाच्या तरी लेकी. या गावात तुमचं मूळ घर शोधायला आलात, पण ते इथं नाही आणि कधी नव्हतं. आम्ही जे नाव वेशीत टाकून दिलं, ते तुमच्या माणसांनी उचललं आणि त्याचे डॉक्टर केले, न्यायाधीश केले. तुमच्या वहीत "मूळ गाव सावळोशी" असं लिहिलंय, ते तेवढं खोडा. हात जोडून सांगतो. तो मान आमचा नाही.

या गावात एकाही दारावर सावळोशीकर अशी पाटी दिसणार नाही. माझा मुलगा पुण्याला नोकरीत आहे. तिथं एकाच खोलीत चार पाटील बसतात, सगळी टपालं उलटसुलट होतात. साहेब म्हणाले, तू गावाचं आडनाव लाव. त्यानं नाही लावलं. त्याला ते लावता येत नाही. बाळोजी पाटील आमचा मूळपुरुष. माझ्याच घरातला माणूस बेलभंडार उचलून खोटं बोलला. तो बेलभंडार ज्या हातानं उचलला, त्याच वंशाचा हा हात.

आजही कोणी सावळोशीकर या वेशीत आला की पाटलांच्या घरातल्या वडील माणसानं त्याला या रांजणातलं पाणी द्यायचं. दोन्ही हातांनी, पायांत काही न घालता, उघड्या डोक्यानं. ही बघा, टोपी काढली. आणि मग प्रश्न आम्ही विचारायचा नाही, सावळोशीकरानं विचारायचा. मघाशी तुम्ही अजाणता विचारलात, ते धरायचं नाही. आता पाणी प्या आणि परत विचारा. माझे आजोबा, माझे वडील, सगळ्यांनी या दगडाजवळ उभं राहून उत्तर दिलं आहे. माझ्यावर ही वेळ आयुष्यात पहिल्यांदाच आली. घरून येताना वाटेत चार वेळा म्हणून पाहिलं.

विचारा, आत्याबाई.

"...आजोबा, तुम्ही कोणत्या गावचे?"

मला गाव नाही.