पाण्यात कोंडलेला महादेव

बऱ्याच वर्षांपूर्वी माळावरच्या एका गावात साळूबाई नावाची गुरवीण राहायची. नवरा गेल्यावर गावच्या महादेवाची पूजा तिच्याकडे आली. आता तिची पूजा ती केवढीशी! मंत्र एक येत नव्हता. सकाळी तांब्याभर पाणी पिंडीवर ओतायचं, बेलाचं पान वाहायचं आणि देवाशी बोलत बसायचं. "गुडघा फार दुखतोय बघ आज," "म्हैस आटली रे," असं सगळं ती त्याला सांगायची. कधी कधी भांडायचीसुद्धा.

गावच्या पाटलांना ते मुळीच आवडायचं नाही. "ही कसली पूजा? धड एक स्तोत्र नाही!" असं ते चारचौघांत म्हणायचे.

एका वर्षी पावसाने दडी मारली. गावातल्या विहिरी आटल्या. देवळाशेजारच्या विहिरीत तेवढं कमरेइतकं पाणी उरलं. मग पाटलांनी गाव जमवलं आणि सांगितलं, "महादेव कोंडायचा! पिंडीवरचं पाणी बाहेर सोडणारी पन्हाळ चिखलाने बुजवा आणि पिंडी बुडेपर्यंत गाभारा भरा. देवाचा जीव घुसमटला की झक मारत पाऊस पाडील. तोवर विहिरीचं पाणी कोणी घरी न्यायचं नाही."

साळूबाई उठून उभी राहिली. "अहो पाटील, आहे ते पाणी चार दिवस पुरेल. ते देवावर ओतलं तर लोकांनी प्यायचं काय?"

"तू गप्प बस, साळू. देवाच्या कामात खोडा घालू नकोस!" पाटील गरजले. बाकीच्यांनी मुकाट माना डोलावल्या. कोणाच्या घरात तान्हं मूल आहे, कोणाच्या घरात म्हातारं माणूस आहे, सगळ्यांना ठाऊक होतं. तरी एकाचंही तोंड उघडलं नाही.

दिवसभर घागरी गाभाऱ्यात रिकाम्या झाल्या. पिंडी बुडाली, विहिरीत नुसता गाळ राहिला, आणि पाटलांनी गाभाऱ्याला कुलूप घातलं. एक दिवस गेला, दुसरा गेला. आभाळात ढगाचा ठिपका नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारची कुंभारीण रिकामा तांब्या घेऊन साळूबाईकडे आली. तिची सून दहा दिवसांची बाळंतीण होती. "साळूबाई, सुनेच्या पोटात दोन दिवस पाण्याचा घोट नाही. दूध आटलंय. लेकरू आता रडतसुद्धा नाही गं. पाटलांकडे गेले, तर म्हणाले, नामस्मरण कर."

साळूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तशीच देवळात गेली आणि कुलपावर हात आपटून ओरडली, "अरे, तू आत गळ्यापर्यंत पाण्यात आणि बाहेर पोर मरायला टेकलंय! मागितलं होतंस का तू हे? तुला तांब्याभर पुरत होतं ना रे!"

मग तिने खुरपं घेतलं, देवळामागे गेली आणि पन्हाळीतला चिखल उकरून काढला. पाण्याची धार धो धो बाहेर पडली. पहिला तांब्या तिने कुंभारणीच्या हातात दिला. "पळ आधी!" म्हणाली, आणि गावाला हाका मारायला लागली.

लोक भांडी घेऊन धावले. पाठोपाठ पाटील आले. "खबरदार! महादेवावरून उतरलेलं पाणी ओलांडायचंसुद्धा नसतं, आणि तुम्ही पिणार? सात पिढ्या नरकात जाल!"

लोक जागच्या जागी थबकले. कोरड्या ओठांनी पाण्याकडे बघत राहिले, पण पुढे कोणी होईना.

"पाप लागतं होय?" साळूबाई पाटलांवर कडाडली. "दहा दिवसांच्या लेकराचं दूध तोडलंत, तेव्हा नाही लागलं? लाज कशी वाटत नाही तुम्हाला! लागायचं ते पाप मला लागू दे. मी बघून घेईन त्याचं नि माझं."

तेवढ्यात गर्दीतून डोक्यावरचा पदर सावरत एक बाई पुढे आली. तिने आपली कळशी धारेखाली लावली. ती पाटलांचीच बायको होती.

"अगं, काय करतेस हे?" पाटील किंचाळले.

"सरका बाजूला," पाटलीणबाई म्हणाल्या. "तुमच्या आईची जीभ टाळ्याला चिकटलीय. दोन दिवस मी गप्प बसले, तेवढं पुरे झालं."

पाटील सरकले. मग सगळं गाव पाणी भरायला लागलं.

कुंभारणीचं नातवंड वाचलं. ते पाणी गावाला चार दिवस पुरलं, आणि त्या चार दिवसांत गड्यांनी ओढ्याच्या वाळूत खोल खड्डा खणून झरा काढला. हे काम आधीच करता आलं असतं, पण सगळे देवाला बुडवण्यात गुंतले होते ना! पाऊस आला तो पुढे बावीस दिवसांनी, त्याच्या वेळेला.

तात्पर्य विचाराल तर रोखठोक सांगते: तहानलेल्याच्या तोंडचा घोट काढून देवावर ओतला, तर त्याला भक्ती म्हणू नका, तो जुलूम आहे. आणि देवाचं नाव ऐकून मुकाट मान डोलावणारेही त्या जुलमाचे वाटेकरी आहेत.