ठकू आणि तिसऱ्या रानातले वानर

डोळे मिटा, पण कान उघडे ठेवा बरं का. एका डोंगरवाडीत ठकू राहायची. तिचा नवरा लखमाजी मध काढायला रानात गेला, तो परत आलाच नाही. वाडीतली माणसं म्हणाली, "कुठल्याशा रानातलं पाणी प्यालं की माणसाचा वानर होतो म्हणे. तसंच झालं असेल गं."

ठकू उठली नि त्याला शोधायला निघाली.

पहिल्या रानात वानर होते. हुप्प्या केवढा थोरला! सुळे बोटाएवढे. वानरी त्याच्या निम्म्या. सगळ्यांच्या शेपट्या पाठीवरून डोक्याकडे वळलेल्या. हुप्प्यानं दात विचकले, वानरींनी पिल्लं पोटाशी धरली. ठकू म्हणाली, "हे खरेच वानर."

मग नदी उतरून ती दुसऱ्या रानात गेली. तिथले निराळे. शेपट्या उलट्या, मागं वळलेल्या. हुप्प्या वानरीहून जरासाच मोठा. पण पिल्लं होती, भांडणं होती. तेही खरेच.

मग तिसरं रान. भर दुपार, पण पाखराचा आवाज नाही. झाडाझाडावर वानर, सगळे एका मापाचे. हुप्प्या कोणता, वानरी कोणती, कळेना. एकाच्याही पोटाशी पिल्लू नाही. शेपट्या दोरीसारख्या खाली लोंबलेल्या. कुणी खात नव्हतं. पापणीही न हलवता सगळे ठकूकडे बघत होते.

ठकू मनात म्हणाली, "हे खरे वानर नव्हेत." तिनं हाक मारली, "अहो!" सगळ्यांनीच माना उंचावल्या. "अहो, घरधनी!" अर्ध्यांनी उंचावल्या. आता नावच घ्यायला हवं. पण तेव्हा बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, बरं का. ठकूनं तोंडावर पदर ओढला नि ओरडली, "लखमाजी!"

एक वानर धपकन खाली पडला. उठला तो लखमाजी!

मग ठकूनं वाड्यावाड्यांत जाऊन सांगितलं. माणसं आली, नावं घेतली. कुणी आई नेली, कुणी भाऊ नेला. शेवटी एकच उरलं. त्याला हाक मारणारं कुणी जिवंतच नव्हतं.

ठकू झाडाखाली गेली. "तुला बाईचं नाव ठेवू की बाप्याचं?"

ते बारीक आवाजात म्हणालं, "बाईचं."

"मग तू बयजा."

बयजा खाली उतरली. तिचा हात थंडगार होता. घर येईपर्यंत तो उबदार झाला. ती ठकूच्या घरीच राहिली, नि तिघंही सुखानं नांदली.

घ्या आता गोधड्या अंगावर. झोपा बरं.