हळदीतला दादा आणि न फिरणारा पंखा

एका गावात एक भोळा भाऊ होता. नाव गुणवंत, पण सगळे त्याला गुणा म्हणायचे. त्याचा थोरला भाऊ यशवंता. घाटाच्या पायथ्याशी यशवंताचं गॅरेज होतं. घाटात तापलेल्या गाड्या तिथे यायच्या आणि गार होऊन जायच्या. गुणा पाने उचलून द्यायचा. दादा सांगेल ते करायचा. तेवढंच करायचा, आणि अगदी तंतोतंत करायचा. पंचाईत तिथेच होती.

दादाचं लग्न ठरलं. मुलगी घाटापलीकडची, हेमलता. मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा. तो चुकला तर पुढचा थेट दिवाळीनंतर.

आदल्या दिवशी सकाळी दादाला हळद लागली आणि गुणा धावत आला.

"दादा, आपली गाडी तापली."

"कुठं?"

"चौकात. फुलं लावायला उभी केली, तर काटा लाल रेघेवर."

"पळताना तापली होती?"

"नाही. उभी राहिली की तापते."

दादाने ओळखलं. रेडिएटरपुढचा एसीचा जादा पंखा बंद पडला असणार. "गुण्या, पळत्या गाडीला वारा लागतो. उभ्या गाडीला तो पंखा वारा देतो. ध्यानात ठेव. उभं राहिलं की तापतं, पळत राहिलं की गार होतं."

"ठेवलं."

दादाने स्वतः पाना धरला असता तर तासाभराचं काम. पण त्यांच्या घरचा रिवाज असा, की हळद लागलेल्या नवऱ्याने वरात निघेपर्यंत उंबरा ओलांडायचा नाही. गॅरेज रस्त्यापलीकडे. दादा उंबऱ्याच्या आत, पिवळाधमक. दाराशी आत्या पाट टाकून राखणीला बसलेली.

"गाडी गॅरेजात आण, एसी लाव, आणि पंखा फिरतोय का बघ," दादा म्हणाला.

गुणा गेला. अर्धा तास झाला तरी आला नाही.

"काय करतोस रे?" दादाने हाक मारली.

"बघतोय!"

"फिरतोय का?"

"नाही!"

"मग अर्धा तास काय बघतोस? गाडी बंद कर. थांबलेलं दिसलं की काडीने ढोसायचं. अडकलंय की मोकळं आहे, ते कळतं."

"बरं दादा. आता तसंच करीन."

काडी शोधायला गुणा घरात आला. घरात गुरुजी मंत्र म्हणत होते. म्हणता म्हणता श्वास घ्यायला थांबले. गुणाने उदबत्तीची काडी उचलली आणि त्यांच्या बरगडीत ढोसली. गुरुजी उडाले ते हळदीच्या परातीत बसले.

"मोकळे आहेत," गुणा म्हणाला.

"अरे गाढवा, गुरुजींना ढोसतात का?" दादा ओरडला. "गुरुजी थांबले की दोन्ही हात जोडून उभं राहायचं. ते सुरू होईपर्यंत हलायचं नाही!"

"बरं दादा. आता तसंच करीन."

गॅरेजात पंखा थांबलेलाच होता. गुणा त्याच्यापुढे दोन्ही हात जोडून उभा राहिला.

आत्या म्हणाली, "यशवंता, तुझा भाऊ गाडीची पूजा करतोय."

दादाने कपाळावर हात मारला. हातालाही हळद, कपाळालाही हळद. "गुण्या, हात गुरुजींना जोड! पंख्याला वायर जोड, सरळ बॅटरीवरून. तरी नाही फिरला तर मेला समज. मेला की उतरवून ठेव."

पंखा मेलेलाच होता. गुणाने चार बोल्ट काढले आणि तो उतरवला. दादा म्हणाला, "शाबास!"

तेवढ्यात गावातली लाइट गेली.

घटकाभराने गुणा हसत आला. "दादा, माजघरातला मेला. ओसरीवरचा मेला. मंडपातले दोन मेले. चारही उतरवले."

"अगं बाई!" आत्या पदराने वारा घेत म्हणाली. "म्हणून मला घाम फुटलाय होय!"

"लाइट गेलीय रे बाबा," दादा रडकुंडीला आला. "ते राहू दे. फळीवर नवा पंखा आहे. आधी बॅटरीची काळी वायर सोडव. मग नवा बसव, जुना होता तस्सा."

"तस्साच?"

"अगदी तस्सा."

गुणाने बसवला. "दादा, झालं! जुना फिरत नव्हता, हाही फिरत नाही!"

दादा हळूच म्हणाला, "काळी वायर परत जोडलीस का, राजा?"

"तू सांगितलं नव्हतंस."

वायर जोडली. एसी लावला. पंखा गरगरला. दादाने उंबऱ्यातूनच आवाज ओळखला आणि आत्याला धरून नाचला. आत्याही पिवळी झाली.

दुसऱ्या दिवशी गुणाने गाडी घाटातून नेली. काटा हलला नाही. बाराच्या आत वरात मांडवात.

ऊन मरणाचं. दादाच्या अंगात कोट, डोक्याला फेटा, कपाळाला मुंडावळ्या. अंतरपाट धरला. पलीकडे हेमलता माळ घेऊन उभी. गुरुजींनी मंगलाष्टक सुरू केलं. पहिलं झालं, दुसरं झालं. दादाला घाम फुटला. तोंड लाल झालं.

मागे उभ्या गुणाने ते पाहिलं. दादा उभा होता. दादा तापला होता.

गुणाने दादाला उचललं, खांद्यावर टाकलं आणि पळत सुटला.

"अरे सोड! गुण्या, थांब!" पाठीमागे लोंबणारा दादा ओरडला.

"थांबलो तर तापशील दादा!"

मंगलाष्टक मध्ये सोडायचं नसतं. गुरुजी म्हणत म्हणत मागे धावले. अंतरपाट धरणारे दोघे धावले. बँडवाल्यांना वाटलं वरात निघाली, ते वाजवत धावले. हेमलतेने घड्याळ पाहिलं. बारा तेहतीस. तिने शालू खोचला, माळ दोन्ही हातांनी पुढे धरली आणि सगळ्यांना मागे टाकलं.

"भाऊजी, जरा हळू!"

"तापेल हो वहिनी!"

देवळाला वळसा झाला, विहिरीला वळसा झाला. माळ दादाच्या फेट्यापासून वीतभर लांब. बारा पस्तीस. गुरुजींनी शेवटचं "सावधान" म्हटलं, आणि दम तुटून थांबले.

गुणाने मान वळवून पाहिलं. गुरुजी थांबले होते.

गुरुजी थांबले की काय करायचं, ते त्याला पक्कं ठाऊक होतं. गुणा उभा राहिला. दादाला सोडलं. दोन्ही हात जोडले.

दादा सुटला तो डोक्यावर, थेट हेमलतेच्या माळेत. लोकांनी अक्षता टाकल्या. लग्न लागलं.

"गुण्या," दादा जमिनीवरून म्हणाला, "उचल रे मला."

गुणा हलला नाही. गुरुजी अजून सुरू झाले नव्हते.