करंजी झाली का

एका राज्यात वर्ष होतं, पण सण नव्हते. संक्रांत आली, तिळगूळ वळला गेला नाही. शिमगा आला, पुरण शिजलं नाही. नागपंचमी आली, दिंडं उकडली नाहीत. राणी उदयमतीची तशी दवंडीच होती.

कारण मागच्या दिवाळीत घडलं. राणी स्वतःच्या हाताने करंज्या तळत होती. तिचा धाकटा, इंद्रनील, कढईपाशी आला आणि त्याने हात पुढे केला.

"आई, करंजी झाली का?"

"थांब. आधी नैवेद्य, मग तू."

तो बागेत गेला. बागेत साप होता. नैवेद्याचं पान मांडून व्हायच्या आत माळी त्याला उचलून घेऊन आला.

मुलाचं तेरावं झालं त्या दिवशी धूम्रजट नावाचा मांत्रिक वाड्यात आला. त्याच्या हातात झाकणाचा पितळी डबा होता.

"राणी, मुलगा देता येत नाही. त्याचा आवाज देतो."

"मोल?"

"तुझ्या राज्यातले सण. सण रांधला गेला की आवाज विरेल. बाकीचं मोल माझं मी घेईन."

राणीने डबा उराशी धरला. त्या दिवसापासून डब्यातून रोज आवाज येई, "आई, करंजी झाली का?" राणी रोज म्हणे, "थांब, बाळा." एवढंच बोलणं. तेवढ्यावर ती जगत होती.

मांत्रिक आपलं मोल घेत होता. संक्रांत सुनी गेली, तेव्हा राजकन्या अवंतीच्या जिभेवरची गोडी गेली. शिमगा सुना गेला, तिचं हसू गेलं. नागपंचमी सुनी गेली, तिची सावली गेली. राणीचं लक्ष डब्याकडे होतं.

पुन्हा दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी राणीची नणंद, हैमवती, नदीपलीकडच्या आपल्या राज्यातून पालखीने आली. आल्या आल्या ती स्वयंपाकघरात डोकावली.

"वहिनीसाहेब, माहेरी आले, तर चुलीत मांजर निजलेलं! करंजी राहू द्या, चहाटळ नणंदेला गुळाचा खडा तरी?"

मग तिला अवंती दिसली. ऊन खिडकीतून येऊन मुलीच्या आरपार जमिनीवर पडत होतं. हैमवतीची थट्टा तिथेच थांबली.

खिडकीत एक साळुंकी येऊन बसली आणि बोलली, "आज दिवेलागणीला मांत्रिक येईल. हाही सण सुना गेला, तर मुलगी त्याची. चुकलेले तीन सण आधी रांधा, मग आजचा. दिवे लागायच्या आत."

"आणि आवाज?" राणीने विचारलं.

"तो जाईल."

राणीने डबा देवळीत ठेवला आणि पदर खोचला.

चूल पेटेना. लाकूड कोरडं, पण ठिणगी धरेना. सणाच्या स्वयंपाकापुरता या राज्याचा अग्नी शापात होता. हैमवती धावत पालखीकडे गेली आणि थंडीसाठी आणलेली शेगडी घेऊन आली. तिच्यात तिच्या घरच्या चुलीतला विस्तव होता. त्यावर चूल पेटली.

कोठारातल्या तिळाची वाळू झाली होती. साळुंकीने हाक घातली. नदीपलीकडून साळुंक्यांचा थवा आला, प्रत्येकीच्या चोचीत तीळ. राणीने ते खापरात भाजले, गुळात वळले आणि पहिला लाडू मुलीच्या तोंडात घातला.

"गोड आहे," अवंती म्हणाली.

देवळीतून आवाज आला, पण शेजारच्या दालनातून यावा तसा. "आई, करंजी झाली का?"

"थांब, बाळा."

मग पुरण. डाळ शिजली, गूळ पडला, पळी फिरू लागली. तेवढ्यात आवाज आणखी खोल गेला. राणी पळी टाकून देवळीकडे धावली आणि डब्याला बिलगली.

"वहिनीसाहेब, पुरण लागतंय!"

राणी हलेना.

"तो गेलाय, वहिनी." हैमवतीने साहेब सोडून दिलं. "ही अजून आहे. या."

राणी परतली. पुरण तळाला धरायच्या बेतात होतं. तिने ते वाचवलं. पोळी तव्यावर टम्म फुगली. पहिला घास खाताना अवंतीच्या नाकाला तूप लागलं आणि ती खुदकन हसली. आवाज आता नदीपलीकडून यावा तसा येत होता.

ऊन उतरलं. दिंडांची कणीक मळली, पण मळता मळता ती चामड्यासारखी झाली. लाटी तुटेना. हैमवतीने सुरी उचलली.

"ठेवा ती, वन्सं!" राणी ओरडली. "पंचमीचं आहे. चिरायचं नाही, कापायचं नाही."

राणीने नखांनी कणीक तोडली. नखं फुटली. तुटलेल्या लाट्यांत दोघींनी पुरण भरलं आणि दिंडं वाफेवर ठेवली. अवंतीने दिंड खाल्लं, तशी तिची सावली भिंतीवर उभी राहिली. राणीने डब्याला कान लावला, तेव्हा कुठे ते ऐकू आलं, "आई, करंजी झाली का?"

सूर्य बुडत होता. कढईत तेल तापलं. पहिली करंजी तेलात सोडली, तेव्हा धूम्रजट उंबऱ्यात उभा होता.

"तळा, राणीसाहेब. खुशाल तळा. पण आधी नैवेद्य, मग मूल. तुमच्याच घरची रीत ना? पान मांडा, पाणी फिरवा, हात जोडा. तोवर दिवा लागेल."

देवघरात केळीचं पान रिकामं होतं. दासीच्या हातातली वात तेलात भिजली होती. अवंती झाऱ्यावरच्या करंजीकडे पाहत होती. तिने हात पुढे केला. विचारलं मात्र काहीच नाही. विचारायचं नसतं, हे ती वर्षभर ऐकत आली होती.

राणीने करंजी झाऱ्यावरून उचलली, फुंकली आणि मुलीच्या हातावर ठेवली.

"खा."

मग तिने दुसरी करंजी घेतली, देवळीतला डबा उतरवला आणि झाकण काढलं. वर्षभरात तिने ते कधी काढलं नव्हतं.

"झाली रे, बाळा," ती म्हणाली. "घे. आता थांबू नकोस."

तिने करंजी डब्यात ठेवली. आत कुर्रकन आवाज झाला, जसा करंजी दातांखाली मोडताना होतो. पुन्हा एकदा झाला. मग काहीच झालं नाही.

डब्यावर मांत्रिकाने कुठलाच मंत्र घातला नव्हता. मुलाला धरून ठेवणारा शब्द राणी स्वतःच रोज म्हणत होती. तो शब्द सुटला, तसा धूम्रजट चुलीतल्या राखेएवढा उरला. हैमवतीने ती राख भांडी घासायला बाजूला काढली.

देवघरात दिवा लागला. तिसरी करंजी देवापुढे ठेवली गेली, आणि देवाने काही तक्रार केली नाही. त्या रात्री घरोघरी कढया चढल्या, कोठारात वाळूचे पुन्हा तीळ झाले.

राणीने डबा घासला नाही. त्याच्या तळाशी खसखशीचे दाणे होते, ते तसेच राहू दिले.

आजही त्या राज्यात सणाच्या दिवशी कढईतला पहिला घाणा उतरला, की त्यातलं एक लेकराच्या हातावर ठेवतात. देवाचं पान त्यानंतर मांडतात. आणि चुलीपाशी आलेल्या मुलाला तिथे कोणीही थांब म्हणत नाही.